मामाला शब्द येत नव्हता

ईशान आणि तारा,

मागच्या रविवारी फोनवर ताराने मला विचारलं, "आजी, तू आतापर्यंत किती माणसं फेकलीस?" चौकशी केल्यावर कळलं, की कॅलगरीच्या शाळेत तिने सांगून टाकलं आहे, भंडाऱ्याची आजी कराटे शिकवते आणि तिच्याकडे पट्टा आहे. पट्टा आहे. तो हाडांच्या डॉक्टरांनी कंबरेसाठी दिलेला आहे. फेकलेल्या माणसांची संख्या शून्य. त्याच आठवड्यात या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही विचारलं, की निवृत्तीनंतर तुम्ही शनिवारी एसटीने नेमक्या कुठे जाता. दोघांना एकच उत्तर देते. तुमची आई वाचून दाखवेल. आमच्या गावाकडची भाषा आली की ती अडखळेल, अडखळू द्या. तीही इथलीच आहे.

मी पुण्याहून लग्न होऊन भंडाऱ्याला आले आणि मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एका जूनमध्ये पी.टी.च्या बाई बदलून गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी तो तास मला दिला. मीच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्याकडे शिट्टी आहे." होती खरी. मधल्या सुट्टीनंतर मुलींना वर्गात आणायला मी ती स्वतः विकत घेतली होती. मग मुलींच्या स्वसंरक्षणाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण निघालं, तेही शिट्टीमागून माझ्याकडे आलं. नागपूरला शिकवायला एक निवृत्त महिला हवालदार होत्या, काटकुळ्या, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "मारामारी शिकायला आल्या असाल तर परत जा. आपल्या धंद्यात जिंकणं म्हणजे घरी पोचणं."

तेवढं एक वाक्य मी वहीत लाल शाईने लिहिलं. बाकीचा धंदा त्याचीच फोड आहे. समोरच्यापासून दोन हात लांब कसं उभं राहायचं, आवाज कुठून काढायचा, पाय कसे ठेवायचे, हात कसा सोडवायचा आणि सुटल्यावर कुठल्या दिशेला पळायचं. जिथे आपली माणसं असतील तिथे पळायचं, आणि जे झालं ते मोठ्याने सांगायचं. यात फेकाफेकी कुठेच नाही, तारा.

निवृत्त झाल्यावर घरात मला फार आवरता येत नव्हतं, म्हणजे आवरायला काही उरलंच नव्हतं. तुमच्या आजोबांच्या पुस्तकांची मी तिसऱ्यांदा यादी केली तेव्हा तेच म्हणाले, की हिला कुणीतरी शाळा द्या. आंधळगावच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे गुरुजींनी, शनिवारची शाळा सुटल्यावर व्हरांडा दिला. आधी बायकांचा वर्ग सुरू झाला, मुलांचा नंतर.

पहिल्या शनिवारी मी एक इंग्रजी पुस्तक घेऊन गेले होते. त्यात चित्रं होती. एक उंच बाई पँट घालून एक गुडघा छातीपर्यंत उचलते आणि समोरचा माणूस कळवळतो. कौसल्याबाई म्हणून सत्तरीच्या एक आजी होत्या, धानाच्या शेतावर राबून उन्हाने काळवंडलेल्या. त्यांनी पुस्तक हातात घेऊन चित्र बराच वेळ पाहिलं.

"बाई, हे बाई एक पाय वर करून राह्यली. खालचा पाय घसरला तं?"

मी पान उलटलं. पुढच्या चित्रात तिने दुसरा पाय उचलला होता.

"चिखलात दिवसभर रोवणं लावाचं तं असं उभं राहा लागते," म्हणत त्या, भाताच्या लावणीला उभ्या राहतात तशा, लुगडं खोचून उभ्या राहिल्या. पाय फाकलेले, गुडघे सैल, सगळा भार खाली. हवालदारबाईंनी मला दहा दिवस हेच शिकवण्याचा प्रयत्न केला होता आणि ते मला शेवटपर्यंत जमलं नव्हतं. इथे अकरा बाया जन्मभर तशाच उभ्या होत्या. पुस्तक मी पिशवीत ठेवलं ते ठेवलंच.

आवाजाची गोष्ट जास्त कठीण. ओरडणं हेच आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. या बाया एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारतात ती मैलभर जाते. पण "नाही म्हणून ओरडा" म्हटलं तर पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. जे "नाही" निघालं ते पंगतीत दुसऱ्यांदा भात नको म्हणताना निघतं तसं.

पुन्हा कौसल्याबाईच. "काहून वो बायांनो, दुसऱ्याचं ढोर आपल्या पऱ्ह्यात शिरलं तं त्याले 'नाही जी, नाही जी' म्हणता का?" पऱ्हं म्हणजे धानाची कोवळी रोपं. आणि त्यांनी ढोराला घालतात तशी आरोळी घातली, "हट्ट!"

व्हरांड्यातला कुत्रा उठून गेला. गुरुजी कचेरीतून हातातलं पेन तसंच धरून बाहेर आले. त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा शब्द "हट्ट" झाला. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने सांगावं का माहीत नाही, पण त्याला इंग्रजीत तोड नाही.

मनगट सोडवायला मला मंगलाने शिकवलं. ही मंगला तुम्हाला नीट कळायला हवी, कारण पुढची गोष्ट तिचीच आहे. ती गावोगावच्या आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावते. कुणी मनगट धरलं तर ओढाओढ करायची नसते. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे फट असते, तिकडून हात फिरवून काढायचा. मी फळ्यावर आकृती काढून तीनदा समजावलं. मंगला म्हणाली, "म्हणजे लहान मापाची बांगडी उतरवतो तसं ना जी?" आणि मी तिचं मनगट धरलेलं असताना तिने अंगठा तळव्यात घेतला, हात निमुळता केला, आणि माझ्या मुठीत काहीच उरलं नाही. त्या तासाला सगळ्यांना जमलं. बांगडी न उतरवलेली बाई आमच्याकडे सापडायची नाही.

मंगलाचं माहेर आता नकाशावर नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गाव गेलं. आईवडील नवीन वसवलेल्या गावात गेले आणि तिथेच वारले. उरला एक भाऊ, सुरेश. तो धरणावर मासेमारी करतो. सुरेश जिथे राहतो तेच तिचं माहेर, दुसरं काही नाही. दरवर्षी पोळ्याला तो मोटरसायकलवर येतो आणि भाचीला काहीतरी आणतो. भाची म्हणजे चैताली, वय नऊ, चौथीत, पुढचे दोन दात नवे आणि मोठे. दात लक्षात ठेवा.

मुलांचा वर्ग सुरू केला तेव्हा मी शिकवलेला पहिला धडा होता, "अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही." जगभर हाच शिकवतात. चैतालीने हात वर केला.

"मॅडम, अनोळखी म्हणजे कोण?"

"ज्याला तू ओळखत नाहीस तो."

तिने विचार केला. "आमच्या गावात नाही जी असा कोणी."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. खरंच नव्हता. चहावाला काका, चक्कीवाला आबा, ट्रॅक्टरवाला मामा, सगळे कुणी ना कुणी होते. शिवाय हवालदारबाईंनी सांगितलं होतं, की मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. मग अनोळखी माणसाचा धडा कुणाच्या उपयोगाचा? मी तो खोडला आणि दुसरा लिहिला. माणूस कोण आहे हे पाहायचं नाही, काय करतो आहे ते पाहायचं. आणि कुणी येऊन म्हणालं, "चल, तुझ्या आईने बोलावलं आहे," तर त्याला शब्द विचारायचा. प्रत्येक मुलाने घरी आईबरोबर एक गुप्त शब्द ठरवायचा. ज्याला आईने खरंच पाठवलं असेल त्याला तो येईल. "ओळखीचा असला तरी?" चैतालीने विचारलं. "ओळखीचा असला तरी," मी म्हणाले. मी नियम करते तेव्हा त्याला पळवाट ठेवत नाही. तुमच्या आईला विचारा.

पुढच्या शनिवारपर्यंत निम्म्या वर्गाचे गुप्त शब्द निम्म्या गावाला पाठ झाले होते. एकाने तर तो वहीच्या वेष्टनावर नाव आणि इयत्तेखाली सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता. चैतालीचा शब्द मात्र कुणाला कळला नाही. मीही गमतीने विचारून पाहिलं. तिने मला विचारलं, "तुमाले आईनं पाठवलं का?"

पोळ्याला दोन दिवस होते. बुधवारी दुपारी गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीनं मामाले चावलं."

झालं होतं असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. सुरेशने भाचीसाठी स्वतः बैल कोरला होता. मंगला बाजारात होती, तिचा फोन कुठल्यातरी पिशवीच्या तळाशी. मामाने ठरवलं, सरळ शाळेतूनच भाचीला घ्यावं आणि बाजारात तिच्या आईपुढे उभं करावं, दोघींना नवल वाटेल. शाळा सुटताना फाटकाशी त्याने मोटरसायकल लावली आणि म्हणाला, "चल, बस गाडीवर. आईनं बोलावलं."

बिचाऱ्याने नेमकं तेच वाक्य उचललं होतं.

"शब्द सांग," चैताली म्हणाली.

"कायचा शब्द?"

"आईचा."

मामा हसला. "आता मामाले शब्द इचारते का पोट्टी?" म्हणत त्याने तिला लाडाने उचललं. लहानपणापासून उचलत होताच.

मी शिकवलेलं सगळं तिने केलं, क्रमवार. अंग सैल सोडून त्याच्या हातांतून खाली घसरली, कारण सैल सोडलेलं नऊ वर्षांचं मूल उचलणं तांदळाचं पोतं उचलण्यापेक्षा कठीण असतं. "हट्ट" म्हणून ओरडली. तिचं ऐकून फाटकातली सगळी पोरं "हट्ट" ओरडायला लागली. मामाने गोंधळून एक हात तिच्या तोंडावर ठेवला. तिने तो चावला. शेवटची गोष्ट मी शिकवलेली नव्हती, पण नाकारतही नाही. लाकडी बैल पडला आणि त्याचं एक शिंग मोडलं. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं धावली. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरत होत्या. कुणी काही विचारायच्या आत मामाच्या कानाखाली दोन बसल्या. गुरुजी मध्ये पडले म्हणून दोनावर भागलं.

तो शनिवार तान्ह्या पोळ्यात गेला, म्हणून त्याच्या पुढच्या शनिवारी सगळे व्हरांड्यात जमलो. गुरुजी, मंगला, चैताली, कौसल्याबाई, मी, आणि हाताला पट्टी बांधलेला सुरेश. तो खाली पाहत बसला होता. मंगला त्याच्याकडे पाहत होती, आणि दिसत होतं की तिला फक्त एवढंच कळून घ्यायचं आहे, भाऊ परत येईल की नाही.

"मॅडम, गावात चर्चा हून राह्यली," गुरुजी म्हणाले. "मुलं मामाले चावाले शिकली म्हणते. वर्ग काही दिवस बंद ठेवला तं?"

मी चैतालीला विचारलं, "तू मामांना ओळखलं होतंस ना?"

"हो जी."

"मग?"

"तुमी सांगतलं होतं, ओळखीचा असला तरी इचाराचं. मामाले शब्द येत नव्हता."

हे उत्तर ऐकून मी त्या पोरीला शाबासकी द्यायला हवी होती. पण मला वर्ग जाताना दिसत होता. आणि तीस वर्षं ज्या जिभेने पोरींना सॉरी, प्लीज, थँक्यू घोटून घेतलं ती जीभ आधी हलली. मी म्हणाले, "चैताली, मामांना सॉरी म्हण. त्यांच्या पाया पड."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वाकून मामाच्या पायांना हात लावला.

सुरेश खुर्चीसकट मागे सरकला. चावल्यावरही तो इतका दचकला नसेल. कौसल्याबाई म्हणाल्या, "अवो बाई, हे काय केलं?"

ईशान, तारा, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. पुण्याला लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, मामाच्याही. आमच्या भागात उलटं. इथे मामा भाचीच्या पाया पडतो. ती पाळण्यात असली तरी पडतो. भाचीने मामाच्या पायाला हात लावला तर ते मामाच्या माथी पाप. चाळीस वर्षं मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणात हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ऐन वेळी माझ्या तोंडून पुणं बाहेर आलं.

चहा आला होता, तो सुरेशने घेतला नाही. चपला घालून, गाडी सुरू करून निघून गेला. मोडका बैल भिंतीशी तसाच राहिला.

मंगलाने तुटलेलं शिंग उचलून पदरात बांधलं. "माहेर एकदा धरणात गेलं, मॅडम," ती म्हणाली. "आता हे दुसऱ्यांदा."

वर्ग बंद झाला नाही. माफी मागितली गेली होती, गुरुजींना तेवढं पुरलं. माझा हेतू साधला होता, म्हणाल तर.

पुढच्या शनिवारी चैताली आली, रांगेत उभी राहिली. "हट्ट" म्हणायची वेळ आली तेव्हा तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी तिला बाजूला घेतलं.

"घसा दुखतो का गं?"

"नाही जी." मग जराशाने, अगदी सरळ, हिशेबाची शंका विचारावी तसं म्हणाली, "ओरडून झाल्यावर माफी मागा लागते ना? मंग कायले ओरडाचं?"

हवालदारबाई तिथे असत्या तर त्यांनी माझी शिट्टी काढून घेतली असती.

मंगळवारी मी मंगलाला घेऊन निघाले. भंडाऱ्याहून पवनीची एसटी, पवनीहून ऑटो. मंगलाने वाटेत तीनच वाक्यं उच्चारली आणि तिन्हींचा अर्थ एक होता, तो घरात घेईल ना. भावाचा फोन आला नव्हता. तिने केला नव्हता, त्याला राग आला असेल म्हणून. मी माफीचं भाषण मनात तयार केलं होतं, तीन मुद्द्यांचं.

सुरेश ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. आम्हाला पाहून उठला आणि घरात तोंड करून म्हणाला, "अवो, चहा टाक. मंगली आली."

मंगला पायरीशीच थांबली. "भाऊ, राग गेला का?"

"कायचा राग?"

"तू चहा न घेता गेला."

"मंग काय करू? भाचीनं पायाले हात लावला. तसाच बसून चहा पेऊ?" तो जाळ्याकडे पाहत म्हणाला. "तुले फोन कराची मलेच लाज वाटे. तू बी नाही केला."

"मले वाटलं तू रागानं आहेस."

"मले वाटलं तू."

तीन मुद्द्यांपैकी पहिला असा गळाला. मी दुसऱ्यावर आले. "आणि तो चावा, सुरेशभाऊ?"

त्याने हात पुढे केला. अंगठ्याखाली अर्धचंद्र होता, स्पष्ट. "येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवतो, मॅडम. या गावात कोणाच्या भाचीचे असे दात नाही."

आतून त्याची बायको म्हणाली, "दुकानात गेले तरी पहिले हातच दाखवते. दहा दिवस जाळं मलेच ओढा लागलं."

"पण लोकांनी तुम्हाला मारलं."

त्याने गालावरून हात फिरवला. "जोरात मारलं जी. खोटं कायले बोलू. पण ते माणसं माह्या भाचीसाठी धावले ना. उद्या खराच कोणी आला तं धावतीन."

मग मी त्याला चैताली काय म्हणाली ते सांगितलं. जसंच्या तसं. त्याचे हात जाळ्यावर थांबले. मंगलालाही मी हे सांगितलं नव्हतं. ती ओट्यावर बसली.

"असं म्हणाली?"

"हो. आणि आता तिचा आवाज निघत नाही."

"तुमी बाहेरच्या हाव जी," सुरेश मला धीर द्यायला म्हणाला. "तुमाले आमचं माहीत नसन."

चाळीस वर्षांनी बाहेरची म्हणवून घेणं लागतंच. पण ती पळवाट होती, आणि घेण्यासारखी नव्हती. "माहीत होतं," मी म्हणाले. "पाया पडायला सांगणं ही चूक झाली, पण त्याआधीची मोठी. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मला वर्ग वाचवायचा होता, म्हणून मी तिला वाकायला लावलं."

सुरेशच्या बायकोने चहा आणला. या वेळी त्याने घेतला. अर्धा कप संपल्यावर म्हणाला, "शनिवारी किती वाजता असते वर्ग?"

तो वेळेआधी पाच मिनिटं आला. वेळेआधी येणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. अंगात केशरी लाइफ जॅकेट होतं, धरणावर नावेत घालतात ते, आणि डोक्यावर हेल्मेट. पोळा होऊन महिना होत आला होता, तरी बैल आणला होता. भिंतीशी राहिलेला बैल आणि पदरात बांधलेलं शिंग मंगलाने मंगळवारीच ओट्यावर त्याच्या हाती दिलं होतं. शिंग त्याने बसवलं होतं, थोडं वाकडं.

मंगला बाजार सोडून आली होती. बांगड्यांची पेटी तिने फाटकाशी ठेवली होती. गुरुजी कचेरीच्या दारात उभे होते. त्यांना मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, की माफी चुकीच्या माणसाने मागितली आहे, ती परत घ्यायची आहे.

सुरेशने हेल्मेट काढून बैलाशेजारी ठेवलं. चैताली रांगेत तिसरी होती. तो तिच्यापुढे गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी तिच्या पायांना हात लावून ते कपाळाला लावले.

"भाची, तू बरोबर केलं. मामा चुकला. शब्द माहीत नसताना उचलाले नोको होतं."

चैताली हलली नाही. कौसल्याबाई मागून म्हणाल्या, "आता कसं."

मग माझीही पाळी होती. मी शिकवलेल्या पद्धतीने, मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणाले, "आणि मॅडम त्याहून जास्त चुकल्या. ओरडल्यावर माफी मागायची नसते." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडम चुकल्या हे वाक्य त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी तरी ते पहिल्यांदाच म्हटलं होतं.

सुरेश हेल्मेट घालून फाटकापर्यंत मागे गेला आणि पुन्हा पहिल्यापासून चालत आला.

"चल, बस गाडीवर. आईनं बोलावलं."

चैतालीने माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टी खिशात टाकली आणि बैलाकडे पाहायला लागले.

"शब्द?" ती हळू म्हणाली.

"जिलबी."

"नाही."

"मोर?"

"नाही."

"मंग मासोळी असन." पोरं हसायला लागली. चैताली हसली नाही. तेवढ्यात मामाने हात पुढे करून तिचं मनगट धरलं. जाळं ओढणारा हात, जवळजवळ माझ्या मनगटाएवढी त्याची बोटं. मंगलाने तिकडे पेटीच्या कडीला घट्ट धरलं होतं.

"हट्ट!"

कचेरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. अंगठा तळव्यात गेला, हात निमुळता झाला, बांगडी उतरावी तसा मामाच्या मुठीतून निघाला, आणि पोरगी पळाली. माझ्याकडे नाही. शिकवलं तसं, आपल्या माणसाकडे. मंगलाच्या कमरेला मिठी मारून तिने मोठ्याने सांगितलं, "आई, या माणसाले शब्द येत नाही."

सगळ्यात जास्त हसला तो मामा.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरेश येतो, लाइफ जॅकेट घालून पस्तीस पोरांचा मार खातो, आणि बहिणीच्या घरी जेवून जातो. मुलं त्याला "खोटा मामा" म्हणतात, त्याला ते आवडतं. शब्द त्याला अजून कळलेला नाही. एकदा मंगला म्हणाली, "सांगून टाकते बाई आता त्याले," तर चैताली म्हणाली, "सांगशील तं बदलवून टाकीन."

आता तुमचं. मे महिन्यात मी कॅलगरीला येते आहे. त्याआधी तुम्ही दोघांनी आईबरोबर एक शब्द ठरवा. वहीच्या वेष्टनावर लिहू नका. फोनवर मला सांगू नका, मी कितीही गोड बोलले तरी. विमानतळावर मी बाहेर आले की ताराने पुढे येऊन मला तो विचारायचा. मला येणार नाही. आजी आहे, थकून आली आहे, असला काही विचार करायचा नाही. दोन हात लांब उभं राहायचं, पाय फाकवून, गुडघे सैल. मग आईकडे पळायचं आणि तिला सांगायचं, या बाईला शब्द येत नाही.

मिठी त्यानंतर. मी सामानापाशी उभी राहीन. मला घाई नाही.

तुमची,
आजी